आत्ताच्या मापाचा स्कर्ट

शाळा उघडायच्या आदल्या दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं गेलं आणि सगळं घर त्याच्याखालून वाकून आत आलं. थोरली सून सर्वांत शेवटी आली, कारण वाकताना तिला काखेतली पिशवी सांभाळायची होती.

हा त्या घरचा नेम होता. आधी झाडून सगळ्या गिऱ्हाइकांच्या पोरांचे युनिफॉर्म, मग घरच्यांचे. शेवटची आई शेवटची तक्रार करून गेली की घरचे आजोबा, टेलर मास्तर, कापड बेतायच्या टेबलावरचा पसारा हाताने बाजूला सारत आणि म्हणत, "आणा रे आपली." मग आपली आणली जात. अर्ध्या शहराची मुलं ज्या दुकानातून कडक इस्त्रीत शाळेत जात, त्या दुकानाच्या मालकाची नातवंडं आदल्या दुपारपर्यंत युनिफॉर्मविना असत, आणि याची लाज वाटायच्या ऐवजी मास्तरांना भारी अभिमान होता.

या वेळच्या सुट्टीने सगळ्यांचा जीव नकोसा केला होता. इतरांच्या घरी सुट्टी म्हणजे मुलं घरात. इथे सुट्टी म्हणजे मुलं घरात आणि घर दुकानात, कारण शिवणकामाचा हंगाम नेमका तेव्हाच. धाकट्या मुलाची जुळी, काज आणि बटण (त्यांची खरी नावं शाळेच्या पटावर होती, आणि तिथेच राहिली होती), यांच्याकडे बघायला कुणालाच वेळ नव्हता. एकदा काजने आपल्या भावाला गिऱ्हाइकाच्या ब्लेझरमध्ये घालून पुढून टाचण्या लावून टाकल्या, आणि ब्लेझर घ्यायला आलेल्या बाईंना तो आतून "नमस्कार" म्हणाला. "शाळा उघडू दे एकदाची," हे वाक्य दोन्ही जावा उठता-बसता म्हणत होत्या. कधीतरी पावशेर बटणांवरून झालेल्या भांडणानंतर त्यांचं एकमत एवढ्या एकाच गोष्टीवर झालं होतं, आणि ते दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं.

थोरलीने पिशवी इस्त्रीच्या ढिगाखाली सरकवली आणि त्या ढिगाला पाठ लावून उभी राहिली.

पिशवी कोपऱ्यावरच्या रेडीमेड दुकानाची होती. त्या दुकानाचं नाव घरात कुणी घेत नसे. मास्तर त्याला "ते काचेचं" म्हणत आणि म्हणताना तोंड असं करत जणू दाताखाली खडा आला. थोरली तिथे डोक्यावरून स्कार्फ घेऊन गेली होती आणि लेकीच्या वयाचा एक स्कर्ट घेऊन पळत आली होती. बेत सोपा होता. आज दुपारी पोरीने मास्तरांनी शिवलेला स्कर्ट घालायचा, सगळ्यांनी वा वा करायची. उद्या सकाळी तोच घालून बाहेर पडायचं, बेकरीवाल्यांच्या मुलीकडे आत शिरायचं, आणि हा रेडीमेड घालून शाळेत जायचं. लेक मोठ्या शाळेत चालली होती. नवी इमारत, नवी मुलं, कुणी ओळखीचं नाही. ती एवढंच म्हणाली होती, "आई, तिथे तरी मला पट्टेरी म्हणायला नको."

लेकीला घरात टाचणी म्हणत, कारण ती तशीच होती, बारीक आणि टोचणारी. शाळेत मात्र तिला पट्टेरी म्हणत, आणि त्याला कारण मास्तर होते. मास्तर घरच्या मुलींचे स्कर्ट काठाशी तीन दुमडी घालून शिवत. दर वर्षी एक दुमड उसवायची, स्कर्ट तेवढा लांब. जुन्या दुमडीच्या जागी रेघ उरे आणि रेघेखालचं कापड वरच्यापेक्षा गडद दिसे. पहिल्या वर्षी स्कर्ट पोटऱ्यांवर लोंबे, शेवटच्या वर्षी गुडघ्याच्या वर जाई आणि खाली पट्टे पट्टे. मापाचा तो मधल्या वर्षातले काही आठवडे असे, आणि ते आठवडे नेमके सुट्टीत येत.

"काज," मास्तरांनी हाक मारली. "चढ वर."

काज टेबलावर चढली. तिच्या शर्टाच्या बाह्या बोटांच्या पुढे गेल्या. मागोमाग बटण चढला. त्याची चड्डी छातीपासून सुरू झाली.

"झकास," मास्तर म्हणाले.

"छान बसलंय," गल्ल्यामागून थोरला म्हणाला. तो सवयीने म्हणाला. दुकानात बोलायचं काम त्याचं. दिवसभर तो येईल त्या आईला "छान बसलंय", "धुतल्यावर सैल होईल" आणि "धुतल्यावर बसेल" ही तीन वाक्यं आलटून पालटून ऐकवत असे, आणि हंगाम संपल्यावरही ती काही दिवस त्याच्या तोंडातून आपोआप येत. मागच्या वर्षी बायकोने नव्या पडद्यांबद्दल विचारलं तेव्हाही तो "धुतल्यावर बसेल" म्हणाला होता.

"बाबा, बटणाची कंबर जरा..." धाकटा म्हणाला. तो भिंतीशी, आपल्या कायमच्या स्टुलावर, तुरपाईची सुई हातात घेऊन बसला होता.

"काय जरा?"

"जरा मोठी झालीये."

मास्तरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "कंबर मोठी नाही झाली. पोरगा अजून व्हायचाय. परक्या पोराचं आपल्याला आजचं माप ठाऊक असतं, म्हणून टेप लावायची. आपलं पोर उद्या केवढं होणार ते आपल्याला दिसतं. त्याला टेप लागत नाही, नजर लागते." आणि त्यांनी स्वतःच्या मांडीवर थाप मारली. "ही पँट बघ. बस, ऊठ, कुठे ओढ आहे? कुठे चुणी आहे? इतकी वर्षं झाली शिवून. बेतणं याला म्हणतात. हे तुला जमेल तेव्हा कातरीकडे बघ."

धाकट्याने मान खाली घातली. कोपऱ्यात वेताच्या खुर्चीवर बसलेली आजी एकदम धाग्यांच्या डब्यात काहीतरी शोधायला लागली.

धाकट्याला आता हे ऐकून राग येत नसे. आपल्याला राग येत नाही याचीच त्याला चीड येई. लग्न झालं, जुळी झाली, डोक्यावरचे केस विरळ झाले, तरी गिऱ्हाइकाच्या कापडाला कातर लावायची त्याला परवानगी नव्हती. त्याने तुरपाई करायची, काजं करायची, आणि हात बसावा म्हणून घरच्यांचे कपडे शिवायचे. हात बसून त्याची पाठ बसली, पण कातर मास्तरांच्या हातातून सुटली नाही. आणि मास्तरांनंतर टेबल कुणाचं, हा प्रश्न घरात कुणी उघड विचारत नसलं तरी प्रत्येक जण जेवताना तो ताटात घेऊन बसत असे.

"आता टाचणी," मास्तर म्हणाले.

टाचणी पडद्यामागून आली आणि टेबलावर चढली. स्कर्ट पोटऱ्यांच्याही खाली गेला होता. कंबर तिने मुठीत धरली होती. मूठ सोडली तर तो थेट टेबलावर आला असता.

"छान बसलंय," थोरला म्हणाला.

"फारच छान," धाकटी जाऊ म्हणाली. ती हाताची घडी घालून मशिनला टेकली होती. "उद्या थंडी पडली तरी वेगळी चादर नको."

"कंबरेला एक पिन लावू," मास्तर म्हणाले. "वळ बरं. हां. चार वर्षं बघायला नको आता. शाळा संपेल, स्कर्ट संपणार नाही."

टाचणीने आईकडे पाहिलं. थोरलीने पापण्यांनी खूण केली: बोल, छान म्हण, संपव.

"छान आहे, आजोबा," टाचणी म्हणाली. इतक्या नम्रपणे ती याआधी काही बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि म्हणूनच आजीने डब्यातून मान वर केली.

तेवढ्यात इस्त्रीचा ढीग कोसळला. थोरली लेकीला खुणा करायच्या नादात दोन पावलं पुढे सरकली होती, आणि मोकळ्या झालेल्या ढिगात काज आणि बटण लांब बाह्यांनिशी लपायला शिरली होती. ढिगातून प्रथम बटण निघाला, मग काज, आणि काजच्या डोक्यावर पिशवी.

चकचकीत, दुरून ओळखू येणारी पिशवी.

"हे कुणाचं?" मास्तर म्हणाले.

एखाद्या गिऱ्हाइकाची विसरलेली असेल, असं म्हणायचं थोरलीने ठरवलं, तोंडही उघडलं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "माझी आहे, बाबा. टाचणीसाठी आणली. नव्या शाळेत जातेय ती."

"अरे देवा," धाकटी म्हणाली. ते तिने अशा सुरात म्हटलं की तिला मनापासून किती बरं वाटतंय हे सगळ्यांना कळावं. "ताई, तुम्ही? टेलर मास्तरांच्या घरात रेडीमेड? बाहेर कळलं तर लोक काय म्हणतील! आम्ही बाई एवढं कधी केलं नाही. काज-बटण बाह्यांवर आपटतात, पण घरचंच घालतात."

"तू नको बोलू."

"मी कुठे बोलते? मी फक्त म्हणते, घरची थोरली सून..."

"आणि तुम्ही," थोरली नवऱ्याकडे वळली, "तुम्ही गप्प का?"

थोरल्याने घाईने दोन्ही बाजू जोखल्या. एकीकडे बायको, दुसरीकडे टेबल. "मला यातलं काही ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "बाबा, मला खरंच ठाऊक नव्हतं. मी असतो तर नको म्हटलं असतं."

थोरलीने त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याच्या रात्रीच्या जेवणाचं काय होणार हे कळायला टेप लागत नव्हती.

मास्तर मात्र ओरडले नाहीत. त्यांनी पिशवी उघडली, स्कर्ट काढला, उजेडात धरला आणि उलटा केला. आता त्यांना मजा वाटू लागली होती. काचेच्या दुकानातला माल इतक्या जवळून बघायची संधी त्यांना प्रथमच मिळत होती, आणि तीही न मागता.

"या, बघा सगळे," ते म्हणाले. "हा टाका बघा केवढा. घोड्याचं खोगीर शिवतात की काय. आणि कंबरेला इलॅस्टिक! इलॅस्टिक म्हणजे आम्हाला माप घेता येत नाही याची उघड कबुली. तिकडे पाटी काय लावलीय लेकांनी, वाढत्या मुलांसाठी खास. वाढतं मूल यांनी कधी पाहिलंय का? खाली काठाला बघा..."

अंगठा काठावर आला आणि थांबला.

मास्तरांनी काठ नखाने उलगडला. आत दुमड होती. तिच्या आत दुसरी दुमड. तिच्या आत तिसरी. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, स्कर्ट डोळ्यांच्या अगदी जवळ नेला आणि डाव्या शिवणीपाशी, कापडात बुडवलेली, उलट्या वळणाची गाठ बोटाने चाचपली.

ती गाठ मास्तरांच्या आईची होती. तिने ती आपल्या सुनेला, म्हणजे आजीला शिकवली, आणि आजीने धाकट्याला, तो आजारी पडून शाळा चुकवून दुकानात बसला होता तेव्हा. जगात ती इतर कुणाला येत नव्हती, कारण ती घालायला वेळ फार लागे आणि ती कुणाला दिसतही नसे.

टेबलावरून टाचणीने खाली वाकून पाहिलं. तीन दुमडी तिलाही दिसल्या. आईने स्कार्फ गुंडाळून, जीव मुठीत धरून, आजोबांपासून लपवून आणलेला स्कर्ट आजोबांच्याच धाटणीचा होता. तिला आधी हसू आलं आणि लगेच रडू. त्या घरात कुठेही पळालं तरी माणूस पट्ट्यांतच येऊन पडत होता.

"हे कुणी केलं?" मास्तर म्हणाले. आवाज लहान झाला होता.

"आमच्याकडे पण आहेत अशा पिशव्या," बटण मदत करायच्या हेतूने म्हणाला. "पलंगाखाली. पुष्कळ. बाबा आणतात."

धाकटीने मशिनवरचा हात काढला. तिचा चेहरा कोऱ्या कापडासारखा झाला. थोरलीचा मात्र हळूहळू उजळत गेला.

"आम्ही बाई एवढं कधी केलं नाही," थोरली म्हणाली. बाकी काही नाही, एवढंच.

धाकट्याने सुई उशीत खोचली आणि उभा राहिला. "मी बेततो तिथे," तो म्हणाला. "सकाळी. दुकान उघडायच्या आधी."

"सकाळी तू फिरायला जातोस," आजी म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून."

"चालतच जातो, आई."

"तरीच पोट कमी होत नव्हतं," थोरला म्हणाला, आणि मग, आता रागावलेलंच बरं हे लक्षात येऊन, त्याने गल्ल्यावर मूठ आपटली. "बाबांच्या नाकाखाली! इथे मी दिवसभर बायकांची बोलणी खातोय, छान बसलंय म्हणतोय, आणि हा काचेच्या दुकानात आपलं गिऱ्हाईक पळवायला मदत करतोय! उद्या हे टेबल माझ्याकडे आलं की..."

"तुमच्याकडे?" धाकटी उसळली. रंग तिच्या चेहऱ्यावर परत आला होता. "टेबल तुमच्याकडे कधी ठरलं, भाऊजी? कातर कुठल्या बाजूने धरतात ते तरी माहीत आहे का?"

"धरायला लावू माणूस! दुकान तोंडावर चालतं!"

"हो, आणि तोंडावरच बंद पडतं," थोरली म्हणाली.

हे तिने कुणाच्या बाजूने म्हटलं ते तिलाही नक्की कळलं नाही. धाकटीने तिच्याकडे चमकून पाहिलं. एका वाक्यापुरत्या दोन्ही जावा एका बाजूला आल्या होत्या, आणि दोघींनाही ते अवघडल्यासारखं झालं.

मास्तरांचं यातल्या कशाकडे लक्ष नव्हतं. "तीन दुमडी," ते धाकट्याला म्हणाले. "परक्या पोरांना तीन दुमडी सोडतोस? गिऱ्हाइकाला आपण बोटभर सोडतो. तीन फक्त घरच्यांना. हे तुला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"मला दुसरं बेतताच येत नाही, बाबा." धाकट्याचा आवाज चढला, आणि तो चढलेला घरात कुणी फारसा ऐकला नव्हता. "तुम्ही गिऱ्हाइकाच्या कापडाला मला कधी हात लावू दिलात? जन्मभर घरच्यांचे कपडे शिवले. हात तसाच बसलाय. तिथे पहिल्या दिवशी मालक म्हणाला, बेत, आणि मी बेतलं, आणि बघतो तर तीन दुमडी. मला वाटलं हाकलतील. तर त्यांनी पाटी लावली. मी नको म्हणायच्या आत पाटी लागली."

"म्हणजे अख्ख्या शहराची पोरं..."

"आपल्या घरची असल्यासारखी हिंडतायत," धाकटा म्हणाला. "हो."

मास्तर खाली बसले. त्यांना एकाच वेळी इतका राग आणि इतका अभिमान वाटत होता की कुठला आधी बाहेर काढावा ते कळेना. सवयीने त्यांनी राग निवडला. "तुझ्या हाताला कातर शोभत नाही," ते म्हणाले. "दुमड घालणं वेगळं आणि बेतणं वेगळं. बेतणं म्हणजे..." आणि त्यांचा हात पुन्हा मांडीकडे गेला.

"हात लावू नका त्या पँटीला," आजी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. आजी अशा वेळी बोलत नसे. कुणाचीही बाजू न घेता सगळ्यांच्या बाजूला आहोत असं भासवून तिने इतकी वर्षं घर चालवलं होतं, आणि हे तिचं जुनं यश तिला आता स्वतःच्या हाताने मोडायचं होतं. तिला ते जड गेलं. पण धाकट्याचा खाली गेलेला चेहरा तिला बघवेना.

"ती पँट कुणी शिवली?" तिने विचारलं.

"कुणी म्हणजे? मी."

"तुम्ही शिवलेली केव्हाच फाटली. हंगामात कुणाला वेळ नव्हता, तुम्ही गाठी मारून फिरत होतात. मी काचेच्या दुकानातून आणली. लेबल कापलं आणि तुमच्या खुंटीवर टांगली. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांना ती दाखवत होतात."

मास्तरांनी खाली पाहिलं. बराच वेळ त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं. खिशात हात घातला.

"तरीच," शेवटी ते म्हणाले. "खिसा जरा उथळ लागत होता."

"कधी आणलीस, आई?" धाकट्याने विचारलं.

"मागच्या हंगामाच्या सुरुवातीला."

"मग मीच बेतलीय," धाकटा म्हणाला. "तेव्हा पँटी माझ्याकडेच होत्या."

कुणी हसलं नाही, कारण हसायची हिंमत कुणात नव्हती. फक्त काजने बाहीत तोंड घातलं.

"आणि माझं काय?"

टाचणी अजून टेबलावरच उभी होती. एका हातात कंबर, पायाशी दुसरा स्कर्ट. तिला सगळे विसरले होते. घरात भांडण सुरू झालं की ज्याच्यावरून सुरू झालं त्याला सगळे विसरत, ही जुनी खोड होती.

"तुम्ही टेबल कुणाला द्यायचं ते ठरवा," ती म्हणाली, "पण मला आधी त्याच्यावरून उतरायचंय. उद्या शाळा आहे. माझ्याकडे दोन स्कर्ट आहेत आणि दोन्ही कुठल्यातरी मोठ्या मुलीचे आहेत."

"अगं, ती मोठी मुलगी तूच," मास्तर म्हणाले. "थोड्याच दिवसांत..."

"होईन तेव्हा होईन. उद्या मी एवढीच आहे, आजोबा." तिने कंबर आणखी घट्ट धरली. "तिथे मला कुणी ओळखत नाही. ते मला पहिल्यांदा बघणार आहेत. मला बघू दे त्यांना. स्कर्ट नको बघू दे."

थोरलीने पदराने डोळे पुसले. धाकटीनेही पुसले, पण दुसरीकडे तोंड करून.

"पण मी तुझ्यासाठीच..." मास्तर म्हणाले आणि अडखळले. एकदा शिवला की पोरीला परत कशासाठी अडायला नको, एवढंच त्यांच्या मनात असायचं. ते सांगावं असं त्यांना वाटलं आणि सांगता येईना.

"मला माहीत आहे," टाचणी म्हणाली. "गिऱ्हाइकांना तुम्ही टेप लावता. ती तक्रार करतात म्हणून त्यांना मापाचं मिळतं. मग मला गिऱ्हाईक समजा. फक्त आजच्यापुरतं."

मास्तर उठले. गळ्यातली टेप त्यांनी काढली. ही टेप रोज पहाटेपासून त्यांच्या गळ्यात असे आणि घरातल्या एकाही मुलाला तिचा स्पर्श झालेला नव्हता. त्यांनी ती टाचणीच्या कंबरेभोवती गुंडाळली, मग कंबरेपासून गुडघ्यापर्यंत सोडली, आणि आकडे म्हटले. दोनदा त्यांना टेपकडे परत बघावं लागलं. नात त्यांच्या नजरेत होती त्याच्यापेक्षा उंच होती आणि त्यांच्या मनात होती त्याच्यापेक्षा बारीक.

"कधी हवाय आपल्याला?" गल्ल्यामागून थोरल्याच्या तोंडून आपोआप निघालं.

"उद्या सकाळी."

"सगळ्यांनाच उद्या सकाळी हवा असतो," थोरला म्हणाला. हे वाक्य तो गेली कित्येक वर्षं गिऱ्हाइकाला ऐकवायचं म्हणून मनात धरून होता, आणि ते पहिल्यांदा बाहेर आल्यावर त्याला फार मोकळं वाटलं.

टाचणीने पडद्यामागे जाऊन घरचा स्कर्ट काढून दिला आणि मास्तरांनी तो टेबलावर पसरला. बाजूच्या शिवणी उसवल्या. खडूने रेघा मारल्या. कातर उचलली आणि थोडा वेळ तशीच धरून उभे राहिले. मग त्यांनी ती उलटी केली, मूठ पुढे आणि पाती आपल्याकडे, आणि धाकट्यापुढे सरकवली.

"गिऱ्हाइकाचं काम आहे," ते म्हणाले. "बेत."

धाकटा जागचा हलला नाही.

"बेत रे. गिऱ्हाईक उभं आहे."

धाकट्याने कातर घेतली. रोज सकाळी तो हेच करत होता. "आत किती ठेवू?" त्याने विचारलं.

"गिऱ्हाइकाला किती ठेवतो आपण?"

"बोटभर."

"मग बोटभर."

कातर चालली. तीन दुमडींचं कापड लांब पट्टीने टेबलाच्या कडेवरून खाली सरकलं. थोरला ते बघत होता. टेबल गेलं हे त्याला कळलं. पण रोजच्यासारखा तो गल्ल्यामागे बसलेला होता, तिथे ऊबही होती आणि खुर्चीही बरी होती, आणि कातर खरंच कुठल्या बाजूने धरतात याबद्दल त्याला थोडी शंका होती.

काठाची शिवण थोरलीकडे आली आणि कंबरेचं काज धाकटीकडे. दोघी एकाच स्कर्टच्या दोन टोकांना बसल्या.

"ताई, जरा ओढू नका."

"मी नाही ओढत, तूच ओढतेस."

"बरं, मी ओढते. तुम्ही सोडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातली सहाही मोठी माणसं दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. सुट्टीभर जी माणसं शाळा कधी उघडते म्हणून घोकत होती, ती आता शाळेकडे अशी बघत होती जणू मुलं तिने हिसकावून नेली आहेत. काज आणि बटण हातात हात घालून निघाली, म्हणजे बाहीत बाही घालून. टाचणी त्यांच्या मागून चालली. स्कर्ट गुडघ्यावर आला होता, सरळ, एकसारख्या रंगाचा. त्याच्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं. कोपऱ्यावर काचेचं दुकान होतं, तिथे तिने काचेत स्वतःकडे एकदा बघितलं आणि पुढे गेली. मागे वळून पाहिलं नाही.

धाकटाही निघाला होता. "फिरायला?" आजीने विचारलं. तो हसला, चप्पल काढून ठेवली आणि आत जाऊन शटर पूर्ण वर केलं.

मास्तर रस्त्याकडेच बघत होते. "आखूड होईल तो," ते म्हणाले. "दिसतंय मला. वर्षही नाही काढणार."

"हो," आजी म्हणाली.

"तिचं माप कुणीतरी लक्षात ठेवा रे. मी दोनदा म्हटलं, पण माझ्या लक्षात राहिलं नाही."

"कशाला ठेवायचं?" आजी म्हणाली. "पुढच्या खेपेला ते बदललेलं असणार. परत घ्यावं लागेल. ती येईल."